रिकामे बाक, भरलेला हॉल

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाची आसनक्षमता 1,07,601 आहे. 2011 च्या जनगणनेत आपल्या पणजी शहराची लोकसंख्या चाळीस हजार होती. म्हणजे अडीच पणज्या त्या मैदानात आरामात मावतील. (त्यांचा फुटबॉल वेगळा, चेंडू हातात धरून पळण्याचा. पण ते असो.) खेळणारी पोरं कॉलेजची आणि बघायला लाखभर माणूस!

तरीही त्या लोकांना पंचाहत्तर वर्षं एकच धास्ती आहे. लोक घरी बसून टीव्हीवर सामना पाहतील आणि मैदान ओस पडेल. 1951 साली तिथल्या कॉलेजांच्या क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, टीव्हीवर किती सामने दाखवायचे यावर बंधन घातलं. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला आपले सामने दाखवायचेच होते. पण प्रतिस्पर्धी कॉलेजं तुमच्याशी खेळणार नाहीत अशी वेळ आल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली. हा कारभार 1984 पर्यंत चालला. त्या वर्षी ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या दाव्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही बंधनं बेकायदा ठरवली. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट. ते स्वतः तरुणपणी कॉलेजचे नावाजलेले फुटबॉलपटू होते. मला हे वाचून फार बरं वाटलं. माणूस न्यायाधीश झाला तरी मैदान सुटत नाही.

बंधनं उठली, टीव्हीवर सामन्यांचा पूर आला. मग मैदानं रिकामी झाली का? लगेच नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं गर्दी टिकून राहिली. ओहोटी लागली ती 2008 नंतर, घरचे पडदे मोठे आणि स्वच्छ झाले तेव्हा. 2018 मध्ये वरच्या दर्जाच्या सामन्यांची सरासरी 42 हजारांच्या खाली गेली होती. विद्यार्थी यायचे आणि सामना अर्ध्यावर सोडून निघून जायचे. अलाबामा विद्यापीठाने तर 2019 साली मोबाइलचं ॲप काढलं, शेवटपर्यंत बसणाऱ्या विद्यार्थ्याला जादा गुण. मोठ्या सामन्यांच्या तिकिटासाठी ते उपयोगी पडायचे. आमच्या कार्यालयातल्या हजेरीपटाची आठवण झाली! खरं तर टीव्हीने मैदानावरही त्रास दिलाच आहे. जाहिरातींसाठी खेळ थांबतो. घरचा माणूस तेवढ्यात चहा करून येतो. मैदानावरचा उन्हात तसाच बसून राहतो.

आता आपल्याकडे या. माझा भाचा कॉलेजच्या संघात डावा बॅक खेळतो. आंतरमहाविद्यालयीन सामने आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दुपारी साडेतीनला. मी अर्धी रजा टाकून गेलो होतो. मी मोजली, सत्तावीस माणसं होती. त्यात राखीव खेळाडू, एक पाववाला आणि सावली बघून झोपलेला कुत्रा. (कुत्रा धरला तर अठ्ठावीस.) भाच्याच्या वर्गातली मुलंसुद्धा नव्हती. त्याच मुलांना युरोपातल्या क्लबच्या राखीव गोलरक्षकाचं नाव पाठ असतं.

इथेच मला अमेरिकेचं गणित आपल्याला लावता येत नाही. त्यांची भीती होती, तोच सामना घरी दिसला तर तिकीट कोण घेईल? आपल्या कॉलेजचे सामने टीव्हीवर कधी कोणी दाखवले? तिकीटही नसतं. आपली माणसं नेली ती आपल्या सामन्याच्या प्रक्षेपणाने नव्हे, दुसऱ्यांच्या. 1986 च्या विश्वचषकात दूरदर्शनने मध्यरात्री मॅराडोना दाखवला. तेव्हा गावात ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या हॉलमध्ये अर्धा वाडा जमायचा, चप्पल दाराबाहेर. ते घरी बघणं होतं, पण एकट्याने नव्हतं. मग केबल आली आणि दर शनिवार-रविवारी विलायती फुटबॉल घरात. एकदा ती गती डोळ्यांत बसली की गावच्या चिखलातला बॅकपास कोणाला आवडणार?

सगळाच दोष टीव्हीच्या माथी मारणं मात्र मला पटत नाही. 2016 साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. ज्यांच्या जिवावर फातोर्ड्याची शनिवार-रविवारची सवय टिकून होती तेच गेले. उलट 2015 मध्ये आयएसएलचा अंतिम सामना फातोर्ड्याला होता. तोच सामना टीव्हीवरही होता, तरी मैदान भरलं होतं. गोवा 3-2 असा हरला ते सोडा. गावच्या जत्रेतलं नाटकही बघा. मोबाइलवर हवं ते नाटक मिळतं, तरी माणसं रात्री दोनपर्यंत बसतात. कारण राजाच्या वेषातला आपल्या शेजारचा असतो आणि त्याचं वाक्य चुकणार कुठे याची पैज लागलेली असते. भाच्याच्या सामन्यालाही तशीच ओळखीची माणसं यायला हवीत, पण नाटक रात्री असतं आणि सामना कार्यालयीन वेळेत. वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी संध्याकाळी सहाची वेळ एकदा करून बघावी. दिवे लागतील, खर्च येईल, हे मान्य.

हल्ली एक नवीनच झालं आहे. संघातल्या एका मुलाचा मित्र मोबाइल तिकाटण्यावर लावून सामने यूट्यूबवर सोडतो. चित्र हलतं, आवाजात वारा जास्त. माझा मावसभाऊ जहाजावर आहे. नेटवर्क मिळालं की तो हे सामने बघतो. परवा त्याचा निरोप आला, "पोरगा बरा खेळतो रे, फक्त डाव्या पायाने क्रॉस मारायला शिकव. आणि बाकांवर कोणीच कसं नाही? सुटी होती काय?"