मामाच्या गावची रेड

छत्तीसगडात दारूच्या दुकानांवर मुख्यतः दोन पाट्या दिसतात: देशी मदिरा आणि विदेशी मदिरा. २०१७ पासून ही दुकाने सरकारच चालवते. भिलाईच्या नेहरू नगरातून येता-जाता या पाट्या वाचायची मला सवय आहे. त्यामुळे निफाडजवळच्या कुंदेवाडीची रेड वाईन इथे आली तर ‘विदेशी’त बसेल, हे लक्षात आले आणि हसू आले. निफाड माझे आजोळ!

कुंदेवाडी मला माहीत होती ती गव्हाच्या संशोधन केंद्रामुळे. तिथेच एक पाटील कुटुंब स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची ‘रिव्हेलो’ नावाची वाईन करते, हे मामेभावाकडून गेल्या फेब्रुवारीत कळले. निफाडच्या थंडीत आणि उन्हात त्यांनी सिसिली बेटावरची नेरो द’आवोला ही काळी जात रुजवली आहे. नाशिकहून येताना मी तिची एक बाटली घेतली. मामींच्या घरात ती नेणे शक्यच नव्हते, म्हणून मळ्यातल्या शेडमध्ये उघडली. स्टीलचे पेले होते, तेच घेतले.

पहिला घोट जांभळासारखा. आधी आंबटगोड, मग जिभेला मिठी. ती मिठी सालीची आणि बियांची. खायच्या थॉमसनला बी नसते आणि साल पातळ. वाईनचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस पांढराच निघतो. रेड करायची तर तो सालीसकट आंबवावा लागतो, रंग तिथूनच उतरतो.

हे सगळे मामेभाऊ सांगत होता. तो माळकरी. त्याने थेंबही घेतला नाही.

त्याच्याकडे ३ एकर काबर्ने होती. २००१ मध्ये राज्य सरकारने वाईन उद्योगासाठी धोरण आणले, विंचूरला वाईन पार्क झाले, आणि गावोगावी करार करणारे लोक फिरू लागले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोड. युरोपात वेली झोपलेल्या असतात तेव्हा आपल्याकडे घड भरत असतात. काही वर्षे बरी गेली. मग २००८ ची मंदी आली, त्यातच मुंबईवरचा हल्ला. हॉटेले ओस पडली, वाईन टाक्यांत राहिली. त्याचा करार ज्यांच्याशी होता त्यांनी त्या वर्षी माल उचलला नाही, आदल्या वर्षाचे पैसेही पुरते दिले नाहीत. वाईनची द्राक्षे बाजारात कोण घेणार? बियांमुळे बेदाण्यालाही चालत नाहीत. त्याने वेली उपटल्या. तालुक्यात अशा बागा बऱ्याच उपटल्या गेल्या.

आमच्याकडे बस्तरात मोहाची दारू गाळतात. ती मी चाखली आहे. कडक असते, आणि तिचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत सोडत नाही. पण मोह कुणाला लावावा लागत नाही, त्याचा करार नसतो, आणि फूल विकले गेले नाही म्हणून झाड उपटायची वेळ येत नाही. वाईनच्या पुस्तकांत मातीचे, डोंगरउताराचे कौतुक पानोपानी असते. कर्जाचे पान मला अजून सापडलेले नाही.

“तुझ्या काबर्नेची वाईन कशी होती रे?” मी विचारले.

“मला काय ठाऊक, ताई? ट्रॅक्टर गेटात खाली केला, की आपला संबंध संपला.”

मग त्याने माझा पेला घेतला. नाकाशी धरला, बराच वेळ. पेला तिरका करून कडेला चिकटलेला रंग पाहिला, बोट बुडवले आणि अंगठ्यावर चोळले.

“साल चांगली पिकलेली आहे,” म्हणाला. “पाणी वेळेवर तोडलंय यांनी.”

बोट धोतराला न पुसता तो हौदाकडे गेला. मी दुसरा पेला भरला.