दुतोंड्या मारुतीची पूरपट्टी

म्हसरूळच्या गजपंथ सिद्धक्षेत्राच्या पायऱ्या चढून वर आले, की सात बलभद्रांच्या या निर्वाणभूमीवरून नाशिक शहर दूरवर पसरलेले दिसते. दर्शन आटोपून यात्रेकरूंची पावले बहुधा पंचवटीकडे वळतात. चातुर्मासात तेथे जाणाऱ्याने रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती अवश्य पाहावा. नाशिककरांच्या लेखी तो देव तर आहेच, पण पूर मोजण्याची पट्टीही आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, या भाषेत येथे पूर सांगितला जातो. आणि ती वार्ता कानी आली, की सराफ बाजारात व भांडी बाजारात माल वर चढवण्याची घाई होते.

गंगापूर धरण 1965 साली पूर्ण झाले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, सप्टेंबर 1969 मध्ये, गोदावरीला असा महापूर आला की पाणी नारोशंकराच्या घंटेला टेकल्याचे जुनी माणसे आजही सांगतात. पुढे 2008, 2016 आणि 2019 सालीही गोदाकाठ बुडाला. धरण अडवते ते वरच्या खोऱ्यातले पाणी, आणि तेही भरेपर्यंतच. धरणाखाली, खुद्द शहरावर कोसळणारा पाऊस वाघाडी आणि नासर्डी या उपनद्यांतून सरळ गोदावरीत येतो. पूर्वी मोकळी जमीन त्यातला काही भाग जिरवीत असे. आता तेथे इमारती आणि डांबरी रस्ते आहेत. निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या खऱ्या, परंतु नदीकाठच्या जागेचा मोह रेषेने सुटत नाही, हे अपरिग्रहाचा उपदेश ऐकणाऱ्या आपल्यालाही ठाऊक आहे.

शहराचे पाणी ओसरले म्हणजे पुराची बातमी संपते. वास्तविक, निफाड तालुक्यातील सायखेडा आणि चांदोरी येथे खरी परीक्षा त्यानंतर असते. तोवर गोदावरीला दारणेचे पाणी मिळालेले असते, आणि खाली नांदूरमध्यमेश्वरचा जुना, गाळाने उथळ झालेला बंधारा. पाण्याला फुगवटा येतो आणि ते मागे गावांत, द्राक्षबागांत पसरते. ज्या पाणथळीमुळे तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात, तोच गाळ शेतकऱ्याच्या मुळावर येतो. जीवदया म्हणून पक्ष्यांचे कौतुक करताना हा शेतकरी नजरेआड होऊ नये. पुरात दावणीची गुरे वेळीच सोडली गेली नाहीत, तर ती जागच्या जागी बुडतात. तीही पंचेंद्रिय जीवच.

याच जिल्ह्यात येवला-नांदगावकडे मात्र भर पावसाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर पूर्वेच्या या तालुक्यांत त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. मांगीतुंगीला ऋषभदेवांच्या 108 फुटी मूर्तीच्या दर्शनास निघालेल्यांनीही पावसाळ्यात डोंगरचढाईआधी स्थानिकांना विचारावे. कड्याखालून जाताना मुसळधार पावसात दगड सुटण्याची भीती असते आणि पायऱ्यांवर शेवाळ धरते. नाशिकला रामकुंडावर उतरायचे असेल, तर त्या दिवशी गंगापूरमधून विसर्ग सुरू आहे का, हे आधी विचारून घ्यावे.