ओलं लुगडं

वऱ्हाडात काटकसरीचे वर्ग मे महिना घेतो. पारा ४५ अंशांवर चढला, की अकोल्याच्या आमच्या घरी ही माझ्या आईचं जुनं सुती लुगडं भिजवून खिडकीला टांगते. पाण्याची वाफ होते, ती उष्णता ओढून घेते आणि आत येणारी झुळूक गार होते. हवा कोरडी म्हणून हे जमतं. मुंबईच्या दमट हवेत नुसतं लुगडं वाळत घातल्याचं पुण्य! कूलरचं तत्त्व तेच. फक्त त्याचं विजेचं बिल येतं.

अमरावतीची मेहुणी कूलरवाली. "भाऊजी, काऊन जी जीव आटवता? बादलीभर पानी टाका कूलरात अन् झोपा!" बादलीभर म्हणायला तिचं काय जातंय! तिच्याकडे अप्पर वर्धा धरणाचं पाणी. आमची सारी भिस्त काटेपूर्णेवर. इथे कपडे खळबळलेलं पाणी लुगड्याला, लुगड्यातून गळलेलं परातीत आणि परातीतलं जास्वंदीला.

लुगडं आता पार विरलंय. काठ कापून हिने केव्हाच परकराच्या नाड्या केल्या. परवा म्हटलं, "नवं कापड आणू या."

"राहू द्या," ही म्हणाली, "सासूबाईंनी यात अजून चार उन्हाळे काढले असते."