पाठमोरीं माणसें

आमची सासुरवाडी दापोली तालुक्यांतील आंजर्ल्याची. सुटी लागली कीं सायंकाळीं खाडी ओलांडून हर्णैच्या बंदरावर जावयाचें, आणि जातांना गळ्यांत कॅमेरा अडकवावयाचा, हा आमचा क्रम गेलीं पंधरा वर्षें चालूं आहे. सासुरवाडीचें घर शुद्ध शाकाहारी. जांवई बंदरावरून मासे न आणतां माशांचीं नुसतीं चित्रेंच आणतो, एवढ्यावर मंडळी समाधान मानितात.

ज्या वाचकांनीं हर्णैचा लिलाव पाहिला आहे त्यांस त्याचें वर्णन नको. न पाहिलेल्यांसाठीं चार शब्द लिहितों. समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग. १७५५ सालीं तुळाजी आंग्र्यांच्या हातून तो कमोडोर जेम्सनें घेतला, आणि २०२५ सालीं युनेस्कोनें त्याला जागतिक वारशाच्या यादींत बसविलें. मधल्या काळांत त्याच्या सावलींत कोळ्यांच्या किती पिढ्यांनीं जाळीं ओढलीं याची नोंद मात्र कोठें नाहीं. किनारा उथळ असल्यामुळें मोठ्या बोटी दूरच नांगरत, आणि मासळी आणावयास बैलगाड्या सरळ लाटांत उतरत. बैलांच्या पोटाला पाणी लागे. पापलेट, सुरमई, कोळंबी, माकूल यांचे ढीग वाळूवर पडत, भोंवतीं बायकांचें कडें जमे, आणि जो गलका उठे त्यांत आमच्यासारख्या नवख्यास एक आंकडाहि उमजत नसे. मागें मावळता सूर्य. चित्र काढणाऱ्यास आणखी काय हवें?

सकाळची वेळ आम्ही निसर्गाकडे लावीत असूं. ओहोटीनंतर ओल्या वाळूंत नखाएवढे खेकडे बिळांतून बाहेर येतात, वाळूंतलें खाद्य तेवढें गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या करून बिळाभोंवतीं मांडीत जातात. पाहतां पाहतां सूर्यकिरणांसारखी नक्षी उमटते, आणि भरतीची पहिली लाट ती पुसून टाकते. या नक्षीपुढें आम्ही तासन्‌तास ओणवे पडलों आहों. त्यांत एक सोयहि आहे: खेकडे पुढें केव्हां आपलें चित्र मागावयास येत नाहींत.

माणसें येतात. २०२२ च्या नाताळांत लिलावाच्या जागीं एक बाई टोपली खालीं ठेवून आमच्याजवळ आली. तिचा चेहरा आम्हांला परिचित होता. नांव मात्र आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. म्हणाली, “मास्तर, तुम्ही इतकी वर्सं फोटू काढताव. आमच्या मालकांचा एकादा असंल काय तुमच्याकडं?”

नवरा २०१८ सालीं आजारानें गेला. घरांत लग्नाचीं चित्रें होतीं, भिंतीवर एक मोठी तसबीर होती. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलें, त्यांत छप्पर उडालें, आणि सारें भिजून लगदा झालें. नवऱ्याचा मोबाईल तर कधींच बंद पडला होता. आतां उरलें होतें फक्त आधारकार्ड. “पर त्यात ते चोरावानी दिसत्यात,” ती म्हणाली.

‘असेल कीं!’ असें आम्ही मोठ्या उत्साहानें म्हणालों. पुण्यास परतल्यावर सात-आठ हजार चित्रें चाळण्यास बसलों, आणि त्या चार रात्रींत जें दिसलें त्यानें आमचा उत्साह पार मावळला. आमच्या चित्रांत माणसें पुष्कळ होतीं, चेहरे नव्हते. कोणी पाठमोरा, कोणाचें मस्तक जाळ्याआड, कोणाचे नुसते हात. उरलेले सगळे मावळतीपुढें काळेभोर. तो काळोख अपघाताचा नव्हे. उजेड मुद्दाम कमी घेऊन आम्हींच तो आणिला होता. चेहरा दिसला कीं चित्र ‘साधें’ होतें, असें आमचें रसिक मत होतें.

या मतामुळें आम्ही आमच्या वडिलांना हंसत आलों. त्यांच्याजवळ आग्फा क्लिक थ्री होता. एका रिळांत बारा चित्रें. त्यांतलें एकहि वायां घालविणें त्यांना मानवत नसे. म्हणून ते प्रत्येकास उन्हांत सरळ उभें करीत, ‘हलूं नका’ म्हणून दरडावीत, आणि कळ दाबीत. त्या चित्रांत आमची आत्या डोळे बारीक करून उभी आहे, घरगडी बटणें लावून ताठ उभा आहे. कला म्हणाल तर शून्य. पण पन्नास वर्षांनीं त्यांतल्या प्रत्येकास आम्ही ओळखतों. इंग्लंडांत व्हिट्बीच्या कोळ्यांचीं चित्रें काढून कीर्ति मिळविलेल्या फ्रँक सट्क्लिफचें आम्ही वर्गांतहि कौतुक करीत असूं. परंतु त्याच्या काळच्या काचेच्या प्लेटींमुळें त्याला माणसें थांबवावीं लागत, म्हणजे त्यांच्याशीं बोलावें लागे, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

ज्यांत ज्यांत म्हणून पुरुष होते तीं दोनशें चित्रें छापून आम्ही पुढल्या सुटींत हर्णैला गेलों. बाईनें ओटीवर बसून एकेक पाहिलें. “ह्ये न्हाई. ह्ये न्हाई.” एका चित्राशीं ती थांबली. लाटांत बैलगाडी, आणि कासरा धरून उभी असलेली एक काळी आकृति. हें चित्र पुण्यास आमच्या दिवाणखान्यांत सात वर्षें टांगलेलें आहे. आल्यागेल्यांनीं त्याची स्तुति केली, आणि आम्हीं ती स्वीकारली.

“कशावरून?” आम्हीं विचारलें.

“डावा खांदा वर हाय न्हवं? ल्हानपनी हात मोडलेला.”

मग ती म्हणाली, “आता त्वांड जरा उजळ करून द्या.” तें होणार नव्हतें. जो उजेड आम्हीं घेतलाच नाहीं तो मागाहून कोठून आणावा? तरी आम्हीं खटपट केली. काळ्याचें करडें झालें, करड्यांत दाणे उमटले, नाक-डोळे कांहीं आले नाहींत. आमच्या चिरंजीवांनीं संगणकाकडून एक चेहरा मात्र तयार करून घेतला. चेहरा सुरेख होता, हंसरा होता. कोणाचा होता तें सांगतां येत नाहीं. तो आम्हीं तिला दाखविला नाहीं. तिला खरें काय तें सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि तेंच काळें चित्र चौकट करून मागितलें. आतां त्याला हार असतो.

तेव्हांपासून हर्णैस आम्ही लोकांना नांव विचारतों आणि उन्हांत सरळ उभें करतों. चित्रें दापोलीस छापून ज्याचीं त्याला देतों. पूर्वीच्या चित्रांची सर त्यांना नाहीं, हें आम्हांला कळतें आणि थोडें बोंचतेंहि. संध्याकाळचा तो उजेड फुकट जातांना पाहवत नाहीं. गेल्या नाताळांत ती बाईहि टोपली बाजूस सारून, पदर नीट करून समोर उभी राहिली. आम्ही संवयीनें दोन पावलें मागें सरलों, तशी ती ओरडली, “मास्तर, जवळ या! आनि मागं त्यो किल्ला नगं.”