शंभरातली एक्याऐंशी पुडकी

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात. भामरागडकडच्या एका आश्रमशाळेतला सत्कार असाच पहिल्या पावसानंतरच्या सकाळी होता. पटांगणात ओल्या मातीचा वास होता. मुलींनी ढोलाच्या तालावर रेला नाच धरला आणि पाहुणे मंचावर बसले. बारावीत शाळेत पहिली आलेली मुलगी पुढच्या रांगेत, आणि तिची आई अगदी मागे, भिंतीला टेकून जमिनीवर. पुढे खुर्ची ठेवली होती, पण ती उठली नाही.

या मुलीचा मे महिना मी विचारून घेतला होता. परीक्षा झाली, वसतिगृह सुटलं आणि ती आईबरोबर तेंदूपत्त्याला गेली. उजाडायच्या आत जंगलात, उन्हं चढली की घरी, मग सावलीत बसून पुडकी बांधायची. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक गोणी. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेण्याच्या जागी, दिवाणजी मोजून घेतो. पान फाटकं, डागाळलेलं असलं की पुडकं बाजूला पडतं. भाव शेकड्यावर. या जंगलात शंभर हा आकडा शाळेच्या आधी फळीवरच शिकला जातो.

मंचावर शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ झालं. भाषणं मनापासून केलेली होती. एका वक्त्याने हेमलकशाची आठवण काढली, ती काढायलाच हवी होती. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, १९७६ मध्ये शाळा निघाली. त्या शाळेतूनच डॉ. कन्ना मडावी शिकले, माडिया समाजातले पहिले डॉक्टर. लालसू नोगोटी पहिले वकील झाले आणि २०१७ मध्ये गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडून गेले. ही नावं ऐकताना मुलं ताठ बसली. आई मात्र तशीच होती. टाळ्या वाजल्या की तीही वाजवायची, इतरांकडे बघून. तिला मराठी येत नव्हतं.

मनोगताला मुलगी उभी राहिली. मराठीत चार वाक्यं बोलली, थांबली, आणि भिंतीकडे बघत माडियात बोलू लागली. पटांगण एकदम गप्प झालं, मग मागच्या बायांत हसू फुटलं. आईने काहीतरी मोठ्याने विचारलं. मुलीने उत्तर दिलं. आईने पदर डोळ्यांना लावला.

मला एक शब्द कळला नाही. इतकी वर्षं या वाटांनी येऊन-जाऊनही कळला नाही, याची खंत वाटते. नंतर मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, “टक्के तिला कसे सांगू? मी म्हटलं, शंभर पुडकी नेली होती, त्यातली एक्याऐंशी घेतली.”

“आणि तिने काय विचारलं?”

“बाकीची एकोणीस का नाही घेतली म्हणून.”

“मग?”

“म्हटलं, पानं इंग्रजीची होती, थोडी फाटली.”

त्या दिवशीचा खरा सत्कार मला तोच वाटतो. शाल मुलीच्या खांद्यावर पडली होती, पण बारा वर्षं लेकीला वसतिगृहात ठेवून एकटीने पानं तोडणाऱ्या बाईपर्यंत मुलीचं यश पोचलं ते त्या दोन वाक्यांनी. हेमलकशाला आलेल्या डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी आधी माडिया शिकून घेतली. रोग्याचं दुखणं त्याच्याच बोलीत कळतं म्हणून. सुखाचंही तसंच असतं, ते आपण सत्कार ठरवताना विसरतो.

म्हणून भामरागड-एटापल्लीच्या मुख्याध्यापकांना, आणि तिकडे जिवतीच्या डोंगरावर कोलाम-गोंडांच्या मुलांना शिकवणाऱ्या गुरुजींना माझी विनंती आहे. पुढच्या जूनमध्ये गुणगौरव ठेवाल तेव्हा एक भाषण आईच्या बोलीत असू द्या. कुणाला येत नसेल तर वर्गातल्या एखाद्या पोराला उभं करा. आणि ते भाषण पहिलं ठेवा. आया सकाळपासून येऊन बसलेल्या असतात.