सावली हरवते तेव्हा

सावली कधी कोणाची साथ सोडत नाही, असे आपण म्हणतो. पण नांदुऱ्यात भर दुपारी मी तिला नाहीशी होताना पाहिले आहे.

मे महिन्याची २४ तारीख होती. उन्हाच्या भीतीने सारी गल्ली दारे लावून बसली होती. मी गच्चीवर एक डबा उभा ठेवला. त्याची सावली आखडत गेली आणि १२ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास डब्याखालीच दडली. माझी सावलीही पायांशी गोळा झाली. क्षणभर अगदी एकटे वाटले!

हा चमत्कार नव्हे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या गावांवर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो. दिल्ली, लखनौ ही शहरे कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहेत. तिथे हे कधीच दिसत नाही. आपल्याकडे दुसरी संधी १९ जुलैच्या सुमारास येते. पण तेव्हा आभाळ बहुधा ढगांनी भरलेले असते.

मक्का शहरही आपल्या जवळच्याच अक्षांशावर आहे. तिथे २७-२८ मे रोजी सूर्य काबा शरीफच्या माथ्यावर येतो. त्या वेळी आपल्या घड्याळात दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे झालेली असतात. तेव्हा उभ्या काठीची सावली जिकडे पडते, त्याच्या बरोबर उलट दिशेला किब्ला असतो.

अनोख्या अनुभवासाठी दूर जावेच लागते असे नाही. आपण झोपेत असताना तो डोक्यावरून निघून जातो. येत्या मे महिन्यात डोक्याला रुमाल बांधा, सूर्याकडे मात्र पाहू नका आणि आपली सावली शोधा.