रहस्यकथांचे ऋण

रहस्यकथा म्हटली की पुष्कळ थोर माणसे नाक मुरडतात. मला मात्र त्या कथांविषयी कृतज्ञता वाटते.

चंद्रकांत सखाराम चव्हाण ऊर्फ बाबुराव अर्नाळकर यांनी १,००० हून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळापहाड व धनंजय हे नायक विसाव्या शतकाच्या मध्यावर घरोघरी परिचयाचे होते. पुस्तक लहान, भाषा सोपी. त्यामुळे जेमतेम अक्षरओळख असलेला माणूसही ते धिटाईने हाती घेई.

आमच्या शेजारी एक वृद्ध कामगार राहत. शाळा त्यांनी दुसरीतच सोडलेली. ओळीखाली बोट ठेवून ते काळापहाडाची कथा वाचीत. प्रारंभी ते बोट शब्दाशब्दाला अडे. परंतु पुढे काय घडले या उत्कंठेने ते हळूहळू भराभर सरकू लागले. वर्षभरात त्यांना बोटाची गरज उरली नाही. गावाहून येणारी पत्रे घेऊन पूर्वी ते दारोदार हिंडत. आता ती स्वतःच वाचू लागले. घरातील सुखदुःखे परक्याच्या तोंडून ऐकणे संपले.

मुलांनो, जन्मभर रहस्यकथाच वाचा, असे मी म्हणणार नाही. पहिल्या पायरीवर कोणी मुक्काम करीत नाही. पण तिला तुच्छ लेखून माडीवर कोण कसे चढणार?